सम्राट गेला, दप्तर राहिलं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चीनच्या शेवटच्या सम्राटाने 1912 साली गादी सोडली. 1949 मध्ये कम्युनिस्ट आले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत जुनं दिसेल ते मोडायचा सपाटा लागला. एवढं होऊनही राजवंशांचा ठसा आजच्या चीनच्या संस्कृतीवर आणि कारभारावर उरला आहे असं म्हणतात, त्यात तथ्य किती? की 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे नुसतं प्रचाराचं वाक्य आहे?

मी सत्तावीस वर्षं चिनी भाषा शिकवते आहे आणि त्यातली वीसेक वर्षं पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांसाठी दुभाषी म्हणून चीनमध्ये जाऊन-येऊन आहे. त्यामुळे माझं उत्तर थोडं ग्रंथालयातलं आणि बरंचसं सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून जमलेलं आहे. ठसा उरला आहे, आणि चांगला खोल आहे. पण राजवाड्यात, लांब भिंतीत किंवा कन्फ्यूशियसच्या पुतळ्यात तो शोधायला गेलात तर हाती फक्त पर्यटन लागेल. तो दप्तरात आहे. अर्ज कसा करायचा, कागद कधी खरा मानायचा, माणूस कसा निवडायचा आणि निवडलेल्याला कुठे पाठवायचं, या रीतींमध्ये तो जिवंत आहे.

सुरुवातीच्या काळात माझी पंचाईत व्हायची ती एका अगदी साध्या शब्दाने: 'श्येन'. इंग्रजीत त्याला काउंटी म्हणतात, पण मराठीत काय म्हणायचं? तालुका म्हटलं तर तोकडं पडतं, जिल्हा म्हटलं तर ढगळ होतं. शेवटी मी 'श्येन'च म्हणायला लागले. आज चीनमध्ये या पातळीचे, शहरी विभाग धरून, सुमारे 2,800 घटक आहेत. छिन राजाने इ.स.पू. 221 मध्ये बाकीची राज्यं जिंकून चीन एका छत्राखाली आणला, तेव्हा त्याने सगळ्या मुलखाचे 36 सुभे केले आणि सुभ्यांखाली श्येन ठेवले. (हा छिन आणि सतराव्या शतकात आलेला शेवटचा राजवंश छिंग, या दोघांत गल्लत करू नका, माझे विद्यार्थी दरवर्षी करतात.) श्येन त्याआधीही होते, पण सगळ्या देशभर एकाच साच्याने ते या वेळी आले. सुभ्याची ती पायरी पुढे गेली, थांग आणि सोंग काळात तिथे वेगवेगळ्या पायऱ्या आल्या, युआन म्हणजे मंगोल राजवटीने प्रांताला जे नाव दिलं त्याचंच आखूड रूप 'शंग' आज प्रांतासाठी वापरतात. वरचे मजले असे पुन्हा पुन्हा बांधले गेले. तळमजला मात्र बावीसशे वर्षं तोच आहे.

या तळमजल्याचं महत्त्व मराठी माणसाला चटकन कळावं, कारण आपल्याकडे नेमकी उलट रीत होती. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं होती. निजामशाही जावो, आदिलशाही जावो, पेशवाई येवो, गावचा कुलकर्णी त्याच घरातला. छिनने वतनाचीच मुळी उपटली. श्येनचा अधिकारी राजधानीतून नेमलेला, ठरलेल्या वेतनावरचा, बदली होणारा, आणि त्याच्या मुलाला त्या खुर्चीवर काडीचा हक्क नाही. पुढच्या प्रत्येक राजवंशाने, अगदी घोड्यावरून आलेल्या मंगोल आणि मांचू राज्यकर्त्यांनीही, चीनवर राज्य करायचं तर हे यंत्र चालवावं लागेल हे ओळखलं.

हे यंत्र आतून कसं दिसायचं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यातला एक कारकून सापडला आहे. 1975 मध्ये हुबेइ प्रांतात श्वेइहूदी इथे एक थडगं उघडलं. आत 'शी' नावाचा एक कनिष्ठ अधिकारी होता, इ.स.पू. 217 च्या सुमारास पुरलेला. त्याच्या देहाभोवती सोनं नव्हतं. बांबूच्या अकराशेपेक्षा जास्त पट्ट्या होत्या आणि त्यांवर कायदे, खटल्यांचे नमुने, धान्यकोठारांचे नियम लिहिलेले होते. माणसाने कायद्याच्या पोथ्या उशाशी घेऊन परलोकी जावं, याचं मला आजही नवल वाटतं. त्यातला एक नियम पावसाबद्दल आहे. वेळेवर पाऊस झाला, कणसं भरली, की किती क्षेत्राला फायदा झाला आणि किती जमीन पेरणीविना राहिली ते लगोलग लिहून कळवावं. जवळच्या श्येनांनी चपळ जासूद पाठवावा, लांबच्यांनी टपालाच्या टप्प्यांनी पाठवावं. दुसरा नियम मी वर्गात फळ्यावर लिहिते: 'काही मागायचं असेल तर लेखीच मागावं, तोंडी मागू नये, दुसऱ्याकरवी मागू नये.'

2002 मध्ये हुनान प्रांतात लीये इथल्या एका जुन्या विहिरीत याच काळातल्या एका श्येनचं अख्खं दप्तर मिळालं, छत्तीस हजारांच्या वर पट्ट्या. कुठलं पत्र कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहराला, कोणी आणून दिलं याच्या नोंदी त्यात आहेत. पाढेही आहेत. ज्यांनी पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल सोडून पाहिलेत त्यांना तो वास ओळखीचा वाटेल, फक्त हे दप्तर आपल्या सातवाहनांच्याही आधीचं आहे.

आता आजच्या चीनमध्ये या. सरकारी आदेशाला तिथे बोलीभाषेत 'लाल मथळ्याचा कागद' म्हणतात, कारण खात्याचं नाव वर लाल मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. अधिकारी बैठकीत कितीही गोड बोलू दे, लाल मथळ्याचा कागद निघेपर्यंत काहीही घडलेलं नसतं. आणि कागदावर शिक्का लागतो. सही नव्हे, शिक्का. कंपनीचा गोल लाल शिक्का पोलिसांकडे नोंदवलेला असतो, आणि करार कंपनीचा आहे की नाही हे व्यवहारात लोक आधी त्यावरूनच ठरवतात.

याचा धडा मी स्वतः घेतला. च्यांगसू प्रांतातल्या एका कारखान्यात आमचा सौदा ठरला, मालकाने झोकात सही केली, फोटो निघाले. मी सही मराठी मंडळींना समजावून सांगितली आणि शिक्क्याचं विचारायचं विसरले. दुसऱ्या दिवशी वकिलाने कागद परत पाठवला. शिक्का हिशेबनीस बाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे, आणि त्या सणासाठी गावी गेलेल्या. आमचे तीन दिवस गेले. चूक माझीच होती. छिन सम्राटाने 'शी' हा मुद्रेसाठीचा शब्द फक्त स्वतःसाठी राखून ठेवला आणि बाकी सगळ्यांच्या शिक्क्यांना 'यिन' म्हणायचं ठरवलं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होते. तो इतिहास आपल्या पुढ्यातल्या टेबलावर बसला आहे हे मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही.

पण या सगळ्याहून मोठा वारसा परीक्षेचा आहे, आणि तुमच्यातले बरेच जण अभ्यासिकेत बसून हे वाचत असतील म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

अधिकारी वंशाने नेमायचा नाही, तर निवडायचा कसा? हान राजवंशात शिफारशीने निवडत. इ.स.पू. 124 मध्ये हान सम्राट वू याने राजधानीत एक विद्यापीठ काढलं, पन्नास विद्यार्थ्यांचं. शिफारशीत व्हायचं तेच झालं, बड्या घराण्यांची मुलं पुढे गेली. स्वेइ राजवंशाने सातव्या शतकाच्या आरंभी लेखी परीक्षा सुरू केली, थांग काळात ती रुजली, आणि सोंग काळात तिचं ते रूप आलं जे आज आपण गृहीतच धरतो. 992 मध्ये उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायला सुरुवात झाली. तरी हस्ताक्षर ओळखता येई. म्हणून 1015 मध्ये एक स्वतंत्र कचेरी काढली. तिथले लेखनिक प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा नव्याने लिहून काढत आणि परीक्षकाकडे जाई ती नक्कल. हजार वर्षांपूर्वी एक साम्राज्य एवढा खर्च कशासाठी करतं? परीक्षकाला उमेदवार कोणाचा मुलगा आहे ते कळू नये, एवढ्यासाठी. माणसाने शोधलेल्या सरकारी युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत सुंदर वाटते.

सुंदर म्हटलं, पण निर्दोष नव्हे. स्त्रियांना परीक्षा नव्हतीच. वर्षानुवर्षं मुलाला शेतावर न पाठवता शिकवायचं तर घरात धान्य लागे. आणि युआन राजवटीने 1313 मध्ये चू शी या सोंगकालीन पंडिताचं भाष्य प्रमाण ठरवल्यावर अभ्यासक्रम जवळजवळ सहाशे वर्षं गोठला. मिंग काळात उत्तराचा साचासुद्धा ठरला, आठ भागांचा निबंध, ठरलेल्या जोडवाक्यांचा. बुद्धिमान माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यात झिजल्या.

नानजिंगला गेलात तर जुन्या परीक्षागृहाच्या जागेवर आता संग्रहालय आहे ते जरूर पाहा. मधला मिंग्युआन मनोरा अजून उभा आहे. छिंग काळात इथे वीस हजारांहून जास्त खोल्या होत्या. खोली म्हणजे काय, तीन बाजूंनी भिंत, वर छप्पर, आणि दोन फळ्या. दिवसा एक फळी बसायला, एक लिहायला. रात्री दोन्ही एका पातळीवर सरकवून त्यावर अंग दुमडून झोपायचं. अशी तीन सत्रं, प्रत्येक तीन दिवसांचं. जेवण बरोबर आणलेलं, पाऊस आला तर कागद पोटाशी धरायचा. मी तिथे एका नमुना खोलीत पाच मिनिटं बसले आणि माझे गुडघे समोरच्या फळीला लागले. शेजारच्या दालनात नकलेसाठी वापरलेले कपडे ठेवलेत, अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ उतरवलेले.

गैरप्रकारांना शिक्षा कडक होती. 1858 च्या पेकिंगमधल्या परीक्षेत घोटाळा निघाला तेव्हा मुख्य परीक्षक पो च्युन हा साम्राज्याच्या अगदी वरच्या मंत्र्यांपैकी होता. 1859 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आजचा चीन शिरच्छेद करत नाही, पण 2015 पासून राष्ट्रीय परीक्षेत संघटित कॉपी घडवणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा फौजदारी गुन्हा आहे. परीक्षेतली लबाडी म्हणजे राज्याच्या मुळावर घाव, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

आरक्षणावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मी 1397 ची गोष्ट सांगते. मिंग राजवंशाचा संस्थापक चू युआनचांग तेव्हा गादीवर होता. त्या वर्षीच्या अंतिम परीक्षेत पन्नासेक जण उत्तीर्ण झाले आणि सगळेच्या सगळे दक्षिणेतले निघाले. उत्तरेकडे गदारोळ उठला. पत्रिका पुन्हा तपासल्या, तरी निकाल तोच. परीक्षकांनी लबाडी केली होती असं आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. युद्धांनी उजाड झालेल्या उत्तरेपेक्षा दक्षिणेत शिक्षण खरंच पुढे होतं. पण सम्राटाला गुणवत्ता यादी नको होती, राज्य एकसंध हवं होतं. परीक्षकांपैकी काहींना देहदंड झाला, म्हाताऱ्या मुख्य परीक्षकाला हद्दपार केलं, सम्राटाने स्वतः दुसरी यादी काढली आणि त्या यादीत 61 जण, सगळे उत्तरेचे. ती क्रूर जबरदस्ती पुढच्या सम्राटांनी नियमात बसवली: दर शंभर जागांत दक्षिणेला 55, उत्तरेला 35, मधल्या प्रांतांना 10.

आज चीनची विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा, काओखाओ, प्रांतवार जागा वाटूनच चालते. मोठ्या विद्यापीठांत कोणत्या प्रांताला किती जागा, बीजिंगच्या मुलाला पेकिंग विद्यापीठ सोपं का आणि हनानच्या मुलाला दुर्लभ का, यावर घराघरात तळतळाट ऐकू येतो. फक्त आता वाटप दुबळ्या प्रदेशाकडे कमी आणि राजधानीकडे जास्त झुकलेलं आहे. माझ्या मते हा वारशाचा बिघाड आहे आणि तिथले माझे शिक्षक मित्रही तेच म्हणतात.

काओखाओ स्वतः 1952 ची. सांस्कृतिक क्रांतीत 1966 ला ती बंद पडली, आणि 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा 57 लाख जण बसले, जागा मिळाली 2 लाख 73 हजारांना. त्या तुकडीतले काही जण माझ्या ओळखीचे आहेत. शेतावर दहा वर्षं काढलेली माणसं, कंदिलाखाली गणितं करून परीक्षेला आलेली. ते त्या दिवसाबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो. 2024 मध्ये 1 कोटी 34 लाखांवर मुलं बसली. जूनच्या 7 तारखेला पहिल्या पेपराच्या सकाळी कित्येक आया 'छीफाव' हा उंच गळ्याचा पोशाख घालून फाटकापाशी उभ्या असतात, कारण त्यातलं 'छी' हे अक्षर 'निशाण फडकलं, विजय झाला' या म्हणीतलं आहे. प्रांतात पहिल्या येणाऱ्याला लोक अजून 'च्वांगयुआन' म्हणतात. ही सम्राटासमोरच्या परीक्षेत पहिला येणाऱ्याची पदवी. त्यांचा गाजावाजा करू नका असं शिक्षण खातं दरवर्षी बजावतं, आणि तरी शब्द जात नाही.

सरकारी नोकरीची परीक्षा वेगळी. 2025 च्या भरतीसाठी 34 लाखांवर अर्ज पात्र ठरले, जागा 39,700. एका जागेला शहाऐंशी जण. पास होण्याला 'शांगआन' म्हणतात, किनाऱ्याला लागणं. जो लागला नाही तो अजून पाण्यातच. आपल्या सदाशिव पेठेत एका खोलीत चौघं राहून तिसऱ्यांदा राज्यसेवा देणाऱ्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि इथे आपला धागा खरोखर जुळतो. कॅन्टनमध्ये काम केलेल्या थॉमस टेलर मेडोज या ब्रिटिश दुभाष्याने 1847 मध्ये लिहिलं की चिनी साम्राज्य इतकं टिकलं ते गुणवान माणसं परीक्षेने वर आणल्यामुळे, आणि ब्रिटननेही तसं करावं. 1853 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांतली संचालकांची शिफारस संपली आणि 1855 मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धापरीक्षा झाली. केंब्रिजच्या परीक्षांचाही त्यात वाटा आहे, सगळं श्रेय चीनला देणं बरोबर नाही. पण चीनचा दाखला त्या वादात होता आणि विरोधक 'ही चिनी पद्धत' म्हणून नाक मुरडत होते, हे खरं. त्या परीक्षेतून 1863 साली सत्येंद्रनाथ टागोर आले, 1869 साली चार हिंदी तरुण आले. त्यांतला एक मुंबई इलाख्यातला श्रीपाद बाबाजी ठाकूर. नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेची कल्पना सोंगांच्या राजधानीहून, कायफंगहून, निघून लंडनमार्गे पुण्यापर्यंत आली, ती अशी.

चीनच्या शेजाऱ्यांकडे तर ती आधीच पोचली होती. कोरियात 958 ते 1894, व्हिएतनाममध्ये 1075 ते 1919 अशा परीक्षा चालल्या. हानोईच्या साहित्यमंदिरात उत्तीर्ण पंडितांची नावं कोरलेले 82 शिलालेख कासवांच्या पाठीवर उभे आहेत.

खुद्द चीनमध्ये ही परीक्षा 1905 च्या सप्टेंबरमध्ये एका फर्मानाने बंद झाली. माझ्या अंदाजाने छिंग राजवंशाचा खरा शेवट तोच. मिंग आणि छिंग मिळून पाचशे वर्षांत सर्वोच्च पदवीचे सुमारे 51 हजारच लोक झाले, पण खालच्या परीक्षांना दर फेरीत लाखो बसत. गावोगावचे हे शिकलेले लोक सिंहासनाला बांधलेले होते ते या आशेच्या दोरीने. दोरी कापली आणि सहा वर्षांत क्रांती झाली. नापासांचा राग काय करू शकतो ते साम्राज्याने आधी पाहिलंच होतं. हुंग शिउछ्वान हा कॅन्टनच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेला माणूस. पुढे त्याने ताइपिंग बंड उभारलं आणि 1864 पर्यंत चाललेल्या त्या युद्धात दोन कोटींवर माणसं मेली. त्याने नानजिंग घेऊन स्वतःचं राज्य थाटलं तेव्हा तिथे काय सुरू केलं? परीक्षा.

बदलीच्या नियमाबद्दल थोडं. छिंग काळात अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, आणि शेजारच्या प्रांतातही घरापासून 500 ली, म्हणजे अडीचशेएक किलोमीटर, लांब असावं लागे. नात्यागोत्याचा दाब नको म्हणून. 2006 पासून लागू असलेल्या चीनच्या लोकसेवक कायद्यात श्येन आणि त्याखालच्या पातळीवरच्या प्रमुख पदांसाठी हाच नियम आहे, आणि त्यासाठीचा 'ह्वेइपी' हा शब्दही जुनाच आहे. हनान प्रांतातल्या नेइश्यांगची छिंगकालीन कचेरी जतन केलेली आहे. तिथे 1680 मध्ये काओ इयोंग नावाच्या अधिकाऱ्याने लावलेली एक जोडओळ आहे. तिचा उत्तरार्ध असा: 'जनतेचं अन्न खातोस, जनतेचं वस्त्र नेसतोस, जनतेला छळता येईल असं समजू नकोस, तूही जनताच आहेस.' 2013 मध्ये चीनचे अध्यक्ष शी चिनफिंग यांनी श्येनच्या अधिकाऱ्यांसमोर तीच म्हणून दाखवली. अशा अधिकाऱ्याला चिनी लोक 'फूमू क्वान' म्हणतात, आई-बाप अधिकारी. 'मायबाप सरकार' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात किती आर्जव आहे आणि किती भीती, हे वेगळं सांगायला नको.

संस्कृतीच्या बाजूने एकच दृश्य सांगते. बीजिंग मिंग सम्राटांनी एका उत्तर-दक्षिण रेषेवर मांडलं. सुमारे 7.8 किलोमीटरची ही रेषा 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्या रेषेवर पूर्वी एक शाही दरवाजा होता. तो पाडला, आणि 1977 मध्ये त्याच जागेवर माओंचं स्मारक-मंदिर उभं राहिलं. जुनं मोडणाऱ्यांनाही आपल्या नेत्यासाठी सम्राटांच्या अक्षावरचीच जागा घ्यावीशी वाटली.

तरीही सावध राहा. चीनमधली प्रत्येक गोष्ट राजवंशांच्या खात्यावर मांडायची सवय वाईट आहे. कम्युनिस्ट पक्षाची रचना लेनिनची आहे. गावातल्या माणसाला शहरात हक्क नाकारणारी 1958 ची कुटुंबनोंदणी सोव्हिएत नमुन्यालाही तितकीच जवळची आहे. आणि जुन्या साम्राज्याचा हात आजच्या सरकारइतका लांब कधीच नव्हता. छिंग काळाच्या अखेरीस 40 कोटी लोकांवर श्येनचे अधिकारी दीड हजाराच्या आसपास होते. गाव बरंचसं आपलं आपण चालायचं. 'आभाळ उंच, सम्राट लांब' ही म्हण त्यातूनच आली. आज सम्राट खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. उलट तैवानकडे बघा. तिथे लोकशाही आहे, आणि तरी सुन यत्-सेन यांनी जुन्या साम्राज्यातून उचललेल्या दोन संस्था, परीक्षेची आणि देखरेखीची, घटनेत कायदेमंडळाच्या बरोबरीने उभ्या आहेत. एकाच वारशातून दोन तऱ्हेची घरं बांधता आली. म्हणून 'चिनी लोकांना हुकूमशाहीच मानवते, ती त्यांच्या इतिहासात आहे' असं कोणी म्हणालं की मी थांबवते.

शेवटी प्रचाराचा मुद्दा. अमुक गोष्ट वारसा आहे की घोषणा, हे ओळखायची माझी कसोटी म्हणजे ती पाळली नाही तर कोणाचं काम अडतं का हे बघणं. 'पाच हजार वर्षं' या शब्दांनी कोणाचं काही अडत नाही. पण 1793 मध्ये छिंग सम्राट छ्यानलुंग याने तिबेटसाठी 29 कलमांचं फर्मान काढलं. मोठ्या लामांचा पुनर्जन्म ठरवताना उमेदवारांची नावं सोन्याच्या कलशात टाकून चिठ्ठी काढावी, आणि ती छिंग अधिकाऱ्यासमोर. देव न मानणाऱ्या सरकारने 1995 मध्ये ल्हासाच्या जोखांग मंदिरात हाच कलश वापरून पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचा लामा, ठरवला. दलाई लामांनी आधी मान्यता दिलेल्या मुलाला बाजूला सारून. 2007 मध्ये पुनर्जन्माला सरकारची मंजुरी लागेल असा नियम निघाला. 2 जुलै 2025 रोजी दलाई लामांनी धरमशालेहून जाहीर केलं की ही परंपरा पुढे चालेल आणि वारस ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांच्या न्यासाला असेल. त्याच दिवशी बीजिंगच्या परराष्ट्र खात्याचं उत्तर आलं: सोन्याच्या कलशातली चिठ्ठी आणि केंद्र सरकारची मंजुरी.

कलश ल्हासात आहे, दलाई लामा हिमाचलात आहेत, आणि छ्यानलुंगचा कागद अजून निकाली निघालेला नाही.